मी बंद केलेला स्विच

तो शुक्रवार होता म्हणून मला आवाज ऐकू आला. दुसरा कुठलाही वार असता तर आलाच नसता. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून शेड आहे, शेडमध्ये आठ लूम, म्हणजे विजेवर चालणारे माग, आहेत, आणि त्या चालू असल्या की घरात शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा हाताच्या खुणांनी बोलावं लागतं. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी घरात पाण्याच्या टाकीत थेंब पडतो तोही ऐकू येतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तरी शुक्रवारी सकाळपासून मला काहीतरी करायचं राहिल्यासारखं वाटतं. मी उगाच भांडी परत घासते.

मुलीने शुक्रवार मुद्दाम धरला होता. लूम चालू असताना आमच्याकडे लाइट कमी-जास्त होते, ट्यूब मिटमिटते, टीव्हीचं चित्र आकसतं. ती म्हणाली, "मध्येच व्होल्टेज पडलं तर सगळं फुकट जाईल. शुक्रवारीच करू."

काय करायचं होतं ते मला तिने दोनदा समजावलं होतं. माझ्या दिराने लग्नाआधी एक गेमची मशीन घेतली होती. कशेळीच्या बाजूला गोडाऊनमध्ये गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल लॉटमध्ये विकतात, त्यातली. दोन वर्षं तो तिच्यावर टीव्हीत गाड्या पळवायचा. मग लग्न झालं, कल्याणला वेगळं घर केलं आणि मशीन आमच्या माळ्यावर राहिली, शेडमधल्या कोऱ्या कापडात गुंडाळलेली. मुलगी कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने मोबाइलमध्ये बघितलं की ह्या जुन्या मशीनवर लिनक्स नावाचं बसवता येतं आणि मग ती कॉम्प्युटरसारखी चालते. पण त्यासाठी मशीनचा आधीचा कारभार जुनाच राहिलेला पाहिजे. इंटरनेटवरून एकदा नवीन करून घेतला असेल तर बसत नाही.

तिने काकाला फोन लावला. "काका, तू हिला कधी अपडेट केलंस का?"

फोन मोठ्या आवाजावर होता. दीर म्हणाला, "अपडेट काय असतं? डिस्क घालायची, गाडी पलवायची. त्याच्यापुढं मना काय म्हाईत न्हाय."

"काका, तुझ्या पाया पडते," ती म्हणाली. त्याला काही समजलं नाही. तो म्हणाला, "मंग पेढे आन."

मी तिला विचारलं, म्हणजे मशीन तीच राहणार आणि आतलं बदलणार? ती हो म्हणाली. मग मला समजलं. लूम तीच असते. उभ्या धाग्यांचा बीम बदलला, धागा बदलला की कापड वेगळं निघतं.

हे तिला हवं होतं त्याला कारण होतं. तिच्या कॉलेजात तीन-तीन मुलींनी मिळून एक प्रोजेक्ट करायचा होता. हिने सांगून ठेवलं होतं की प्रोग्रॅमचा भाग मी करते. बाकी दोघींकडे लॅपटॉप आहेत. हिच्याकडे मोबाइल, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्याचे दोन तास. लॅपटॉपचा विषय निघाला तेव्हा हे म्हणाले होते, ह्या वर्षी शेडचे पत्रे बदलले, पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझं कॉलेज संपलेलं असेल, पप्पा." हे म्हणाले, "मंग तर लागनारच न्हाय." आणि हसले. ती नाही हसली.

त्या दोघी वाईट नव्हत्या, पण त्यांनी सांगितलं होतं, सोमवारपर्यंत तुझं काही जमलं तर ठीक, नाहीतर प्रोग्रॅम आम्ही वाटून घेतो, तू फाइल आणि कव्हर कर. मुलगी मला म्हणाली होती, "बाहेरचे सर येऊन विचारणार, तुम्ही काय केलं. मी काय सांगू, कव्हर केलं?" हे ती पोळ्या लाटताना म्हणाली. ती पोळी फाटली.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघींनी टीव्हीपुढची जागा पुसून घेतली. तिने मशीन जोडली, पेनड्राइव्ह लावला, नाक्यावरून आणलेला कीबोर्ड जोडला. तिचे हात भरभर चालत होते आणि मध्येच थांबून ती मोबाइलमध्ये बघत होती. टीव्हीवर भाषांची मोठी यादी आली. सगळी इंग्रजीत आणि कुठल्या कुठल्या अक्षरांत, आणि त्यात मध्ये "मराठी" असं लिहिलेलं होतं. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या पाड्यात शाळा तेवढीच होती. मला मराठी वाचता येतं. मी म्हटलं, "मराठी आहे बघ." ती म्हणाली, "हो गं, पण इंग्लिशच घ्यायचं असतं," आणि पुढे गेली.

मग टीव्ही काळा झाला आणि पांढऱ्या ओळी खालून वर धावायला लागल्या. बघत राहावं असं ते होतं. एकीच्या मागे एक, एकीच्या मागे एक. मी वीस-बावीस वर्षं शेडमध्ये कांड्या भरते, म्हणजे लूममध्ये इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायच्या लहान रिळांवर दोरा गुंडाळते, आणि कारागीर चहाला गेले की लूमवर नजरही ठेवते. धावणाऱ्या दोऱ्याकडे बघायची माझ्या डोळ्यांना सवय आहे.

कीबोर्डची एक कळ दाबली की अडकत होती. मुलगी म्हणाली, "आता याला तासभर तरी लागेल, कीबोर्डचं काम नाही. मी धामणकर नाक्यावर जाऊन बदलून आणते. नमाजाला दुकान बंद होईल त्याआधी जाते."

"मी काय करू?"

"काही नाही. बस फक्त. कुणाला हात लावू देऊ नको. पप्पांना तर अजिबात नको."

ती गेली. मी चटईवर बसले. थोड्या वेळाने हे आले, बातम्या लावायला.

"हे काय लावलंय? गेम खेलतेस काय?"

"मुलीचं आहे. हात नका लावू."

"पाच मिन्टं बातम्या बघतो."

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना नाही असं सरळ कधी म्हणत नाही. म्हणाले, "सांगते कोन बघा," आणि टोपी घालून बाहेर गेले. मला आतून बरं वाटलं. तेव्हा वाटलं की माझ्यावर सोपवलेलं काम मी नीट करते आहे.

त्यानंतर ओळी थांबल्या.

मी वाट बघितली. शेवटच्या ओळीत इंग्रजी आकडा होता, अडुसष्ट, आणि पुढे टक्क्याची खूण. तो हलेना. मी मनात कांड्या मोजायला लागले. मला घड्याळापेक्षा तसा वेळ समजतो. एक कांडी भरेल एवढा वेळ गेला, दुसरी भरेल एवढा गेला, पाचवी, सहावी. आकडा तिथेच. आणि मशीनच्या आतला पंखा, जो इतका वेळ हळू चालला होता, तो जोरात फिरायला लागला. आणखी जोरात. घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. मी मशीनवर हात ठेवला. तापली होती.

आता हे लिहायला सोपं आहे. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की लूम अडकली आहे आणि मोटर फिरते आहे.

मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा शेडमध्ये एकदा असं झालं होतं. धोटा मध्येच अडकला, लूम थांबली, आणि मोटर मात्र घुरघुरत राहिली. शेडमध्ये मी एकटी होते. हाक मारायची लाज वाटली. ओरडायचं कसं, सासरे बाहेर चार माणसांत बसलेले. मी नुसती उभी राहिले. मोटरीतून धूर आला, मग वास आला, मग सगळे धावत आले. सासऱ्यांनी शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, मशीन अडकली की आधी स्विच. विचारायचं ते नंतर. पुढे वर्षभर कुणी पाहुणा आला की ते मोटरीची गोष्ट सांगायचे आणि मी आत चहा करत ऐकायचे. त्यानंतर माझ्या हातून एकही मोटर जळली नाही. लूम अडकली की माझा हात माझ्याआधी स्विचवर जातो.

तसाच गेला. मी उठले आणि भिंतीवरचा स्विच बंद केला.

पंखा थांबला. खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. जळायची वाचवली असंच वाटलं. मग टीव्हीवर नुसतं काळं दिसलं. मी स्विच परत चालू केला. मशीनवर बारीक लाल दिवा लागला, बाकी काही नाही. मी परत चटईवर येऊन बसले, जशी आधी बसले होते तशी.

मुलगी आली ती धापा टाकत. टीव्ही बघितला आणि म्हणाली, "अरे, झालं पण? काम संपलं की आपोआप बंद होते काही वेळा." मी तिच्याकडे बघितलं. सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी म्हटलं, आधी चालू करून बघू दे. चालू झाली तर सांगायची गरजच नाही.

चालू झाली नाही. म्हणजे दिवा लागायचा, पंखा फिरायचा, टीव्हीवर एक छोटी रेघ लुकलुकायची आणि पुढे काही नाही. तिने परत केलं. परत तेच. तिने पेनड्राइव्ह काढून लावला. ती मोबाइलमध्ये बघून एकेक करत होती आणि स्वतःशी बोलत होती, "मी चुकीचं व्हर्जन घेतलं. नाही, बरोबर आहे. मग काय केलं मी?" प्रत्येक वेळी ती "मी" म्हणाली की मला तिथून उठावंसं वाटायचं. मी आत जाऊन डाळ निवडली. निवडलेलीच होती.

दुपारी सांगायचं ठरवलं, तर हे जेवायला आले. संध्याकाळी सांगायचं ठरवलं, तर तिने मैत्रिणीला फोन लावला होता आणि तिला सांगत होती की माझ्याकडून काहीतरी चुकलंय. आता तिने तसं दुसऱ्यांना सांगून टाकलं होतं. आता मी सांगितलं तर ती मैत्रिणीला काय सांगणार, आईने बंद केलं? प्रत्येक तासाला सांगणं जड होत गेलं. दहा वाजता सांगितलं असतं तर ती एक चूक होती. संध्याकाळपर्यंत त्यात लपवणंही आलं.

शनिवारी लूम सुरू झाल्या. मला वाटलं आवाजात तरी जीव थाऱ्यावर येईल. नाही आला. मी कांड्या भरत होते आणि दोरा माझ्या हातून सैल पडत होता. आमच्याकडे एक म्हातारे कारागीर आहेत, आझमगडकडचे, त्यांना सगळे चाचा म्हणतात. ते माझ्या कांड्यांची पेटी घेऊन परत आले.

"भाभी, आज कांडी ढीली है. धोटे में जाते ही उतर रही है."

"हां, चाचा. ध्यान नहीं था."

"ध्यान कहां था?"

मी पेटीतली एक कांडी उचलून दाबून बघितली. ते म्हणाले, "तबीयत ठीक ना हो तो छोड़ दो, हम भर लेंगे. मगर ऐसी मत भरो. कपड़ा हमारे नाम पे खराब निकलता है." पेटी माझ्यापुढे ठेवून गेले. त्यांनी साधं कामाचं सांगितलं, पण दिवसभर ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं. सैल कांडी मी भरायची आणि खराब कापड त्यांच्या नावावर निघायचं.

मुलगी त्या दिवशी कॉलेजला गेली नाही. कुणाकडून तरी दुसरा पेनड्राइव्ह आणला. तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होती, तो माणूस हिंदीत एकच वाक्य बोलायचा आणि ती मागे नेऊन परत ऐकायची. ती मशीनमध्ये चूक शोधत होती, पेनड्राइव्हमध्ये शोधत होती, वायरीत शोधत होती, आणि चूक तिच्यामागे पाट्यावर चटणी वाटत बसली होती.

संध्याकाळी ती मागच्या पायरीवर जाऊन बसली, भिंतीकडे तोंड करून. खांदे हलत होते. मी दारात उभी राहिले. शेड चालू होतं, रडण्याचा आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलताना दिसत होते. मी आत गेले, ताट वाढलं, आणि हाक मारली की जेवायला ये. ती डोळे पुसून आली. मी तिला भाजी जास्त वाढली. हे लिहितानाही मला लाज वाटते की मी तेवढंच केलं.

जेवताना ती म्हणाली, "राहू दे. ज्यांना जमतं त्यांनी करावं. मी कव्हर करते."

हे म्हणाले, "मी पहिलाच सांगत व्हतो. बैलगाडीला पंख लावलं म्हनून ती काय उडत न्हाय."

"पप्पा, प्लीज."

"बरं न्हाय बोलत. भाकर दे."

मी भाकर दिली.

रविवारी सकाळी तिने मशीनच्या वायरी काढल्या आणि कोरं कापड झटकलं. गुंडाळून माळ्यावर ठेवणार होती. मला म्हणाली, "संध्याकाळी त्या दोघींना मेसेज करते. उद्या समोर जाऊन सांगायला नको." आवाजात राग नव्हता. दमलेला आवाज होता. मी मागच्या दाराने शेडमध्ये गेले आणि कांड्यांच्या मशीनपुढे बसले, पण मशीन चालू केली नाही.

दहा वाजता ती कारागिरांचा चहा घेऊन आली. रोज मी नेते, त्या दिवशी मला विसर पडला होता. किटली घेऊन ती माझ्याजवळ आली आणि हाताने विचारलं, कप कुठे? आठही लूम चालू होत्या. तिथे बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं. मी उठून तिचा दंड धरला आणि तिच्या कानात म्हटलं, "ते मी बंद केलं."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. हाताने विचारलं, काय?

मी परत तोंड जवळ नेलं. "शुक्रवारी. तू नाक्यावर गेलीस तेव्हा. ओळी थांबल्या, पंखा ओरडायला लागला. मला वाटलं जळेल. मी स्विच बंद केला."

मी घरात एवढं सलग कधी बोलत नाही. कुठल्या बळावर बोलले माहीत नाही. दुसरं कुणी ऐकणार नव्हतं म्हणून असेल.

ती आता माझ्या कानाशी आली. "मध्येच? चालू असताना?"

"हो."

"कितीवर होतं?"

"अडुसष्ट टक्के."

"थांबून किती वेळ झाला होता?"

"सहा कांड्या."

तिने डोळे मिटले. किटली कांड्यांच्या पेटीवर ठेवली आणि घरात निघून गेली. ओरडली असती तर मला बरं पडलं असतं. मी कप शोधले, चहा वाटला. चाचा म्हणाले, "बिटिया नाराज है क्या?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाच माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने ती दारात आली. ओढणी कमरेला बांधलेली होती. मला बाहेर बोलावलं.

"जेवायला लूम कधी बंद होतात?"

"एक वाजता."

"चालू कधी होतात?"

"पावणेदोनला."

"आजूबाजूच्या?"

"त्यांच्याही तेव्हाच."

"बरं," म्हणाली, आणि आत गेली.

तिने मला नंतर समजावलं ते असं. ती दोन दिवस समजत होती की मशीनच लिनक्स घेत नाही. तसं नव्हतं. मशीनने ते घेतलं होतं, पण मध्येच तोडल्यामुळे आत अर्धवट लिहिलेलं पडून होतं, आणि चालू केली की ती त्या अर्धवटावर येऊन अडखळत होती. ते पुसून कोरं करायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं, एवढंच. पण वीज मध्येच गेली होती हे माहीत असल्याशिवाय ते कुणाच्या डोक्यात येणार नाही. मी शुक्रवारी एक वाक्य बोलले असते तर शुक्रवारीच झालं असतं.

एकला लूम थांबल्या. तिने आधीचं पुसलं आणि सुरू केलं. ओळी धावल्या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. ती म्हणाली, "इथे ये. बघ." मी जाऊन तिच्या मागे बसले. अडुसष्टवर आकडा थांबला आणि पंखा वाढला.

"हेच ना?"

"हेच."

"इथे मोठी फाइल उघडते. जुनी मशीन आहे, तिला दम लागतो. सहा नाही, तीस कांड्या लागतील."

दीड वाजून गेला. आकडा अडुसष्ट. पावणेदोनला पाच कमी. मला बाहेर चाचांच्या खोकल्याचा आवाज आला, म्हणजे जेवणं झाली होती. मुलीने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत टीव्हीकडे. तिला बोलायचं होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. ती सवय तिला माझ्याकडूनच आली असावी.

मी उठले आणि शेडमध्ये गेले. कारागिरांना मी कधी काम सांगत नाही. ते हे सांगतात. चाचा मेन स्विचजवळ पोचले होते.

"चाचा, पंधरह मिनट रुकना."

"क्यों भाभी? बीम में कुछ है?"

"नहीं. घर में बेटी का कॉम्प्युटर बैठ रहा है. लाइट हिलना नहीं चाहिए."

"बैठ रहा है कि उठ रहा है?"

"मालूम नहीं," मी म्हटलं. "दो दिन से मेरी वजह से बैठा है."

ते हसले, बाकीच्यांना हाताने बसा म्हणाले, आणि विडी काढून बाहेर गेले. तेवढ्यात हे आले. "लूम का बंद? कोनी ठेवल्या?"

"मी."

"तू?"

"हो. पंधरा मिनिटं."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चाचांकडे. चाचा म्हणाले, "सेठ, बीड़ी पी लो." ह्यांनी विडी घेतली.

मी घरात आले तेव्हा आकडा एक्याऐंशी होता. मग तो भरभर गेला. शेजारच्या शेडच्या लूम सुरू झाल्या, ट्यूब थोडी मिटमिटली, मुलीने माझा हात धरला आणि लगेच सोडला. टीव्हीवर निळा पडदा आला, डाव्या बाजूला लहान चित्रं, खाली वेळ. ती बराच वेळ नुसती बाणाचं टोक इकडून तिकडे फिरवत बसली. मग एक काळी चौकट उघडली आणि टाइप करायला लागली. मी जाऊन चाचांना सांगितलं, चला आता.

जेवायला बसलो तेव्हा तिने सगळं ह्यांना सांगितलं. आईने कसा स्विच बंद केला, मोटर जळेल म्हणून. हे हसून हसून लाल झाले आणि सासऱ्यांची मोटरीची गोष्ट सुरू केली. संध्याकाळी तिने फोनवर दिरालाही सांगितलं. मी भांडी घासत ऐकत होते. आता ही गोष्ट वर्षभर चालणार, हे मला माहीत आहे.

दिवेलागणीला ती परत मशीनपुढे बसली. मी तिला चहा दिला आणि तिथेच थांबले. ती टाइप करता करता म्हणाली, "काल मी मागे रडत होते. तू बघितलंस ना?"

"हो."

"तरी नाही बोललीस."

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

"पप्पांची?"

"नाही. तुझी."

तिची बोटं थांबली. "माझी कसली भीती?"

"तू शिकलेली आहेस. मला वाटलं तू म्हणशील, हिला एवढं पण समजत नाही."

ती चहा प्यायली. मला वाटलं आता विषय संपला. मग म्हणाली, "दोन दिवस मी स्वतःला तेच म्हणत होते, की हिला एवढं पण समजत नाही. तुला चाललं ते."

मी तिचा रिकामा कप उचलला.

"ह्यापुढे काही बंद केलं, पाडलं, तोडलं, तर सांगायचं," ती म्हणाली. "लगेच. मी ओरडले तरी."

"ओरडशील?"

"ओरडेन."

"बरं."

सोमवारी ती कॉलेजला गेली. त्या दोघींना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दिवसभर कांड्या भरल्या, घट्ट भरल्या, तरी चित्त नव्हतं. दर थोड्या वेळाने उठून मशीन जागेवर आहे ना ते बघून येत होते. संध्याकाळी ती दारात आली, एक चप्पल पायातच होती, आणि म्हणाली की प्रोग्रॅम तिच्याकडे राहिला. मी म्हटलं, "थांब, आधी ऐक. दुपारी मिक्सर लावायला मी मशीनचा प्लग काढला होता. मशीन बंद होती. मग परत लावला."

"बंद होती ना?"

"हो. दिवा पण नव्हता."

तिने दुसरी चप्पल काढली. "एवढं पण नको सांगूस, आई," ती म्हणाली.